अंगठा आतून

दादा,

वहिनी महिनाभर माझ्या कराटेच्या क्लासला येते आहे, हे तुला माहीत नसणार. घरी ती भाजी आणायला जाते म्हणून सांगते. मी विचारलं, "एवढं लपवायचं काय त्यात?" तर नुसती हसली आणि कमरेचा पट्टा आवळत बसली.

काल मनगट सोडवायला शिकवत होते. मी तिचा हात धरला, तशी ती पटकन म्हणाली, "अगं, पकड अशी नाही. अंगठा आतून, शिरेवर."

मी तिचा हात सोडून दिला. ती पकड मी क्लासमध्ये कुणालाही शिकवलेली नाही. ती तुझी. आधी प्रार्थना, मग शपथ, की ही विद्या फक्त जीव वाचवायला वापरीन; त्याशिवाय तू ती कुणाला दाखवतसुद्धा नाहीस. मीही घेतली होती शपथ, अगदी डोळे मिटून. वहिनीने तर तुझ्या मॅटवर कधी पाऊल ठेवलेलं नाही.

गंमत म्हणून दाखवली असशील, असं मनाला समजावून पाहिलं. पण मग एवढ्या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्या का घालते?

आज तिला त्या पकडीतून सुटायचा डाव शिकवला. चांगला जमला तिला.

तुला जाब विचारायचा म्हणून हे लिहायला बसले होते. पण पाठवणार नाही. पाठवलं तर तू सावध होशील, आणि सावध माणसावर तो डाव चालत नाही. तूच शिकवलंस.

तुझ्याच हाताखाली तयार झालेली,
धाकटी