पाण्याची धार बारीक होती

मी, शांताराम सगुण तळकर, वय एकोणसत्तर, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा, तुये येथील एका कारखान्यातला निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मूत्रपिंडे तेवढी नाहीत. कुणी मला धाक घातलेला नाही. घालायला घरात कुणी उरलेलेही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी सरस्वती वारली. एकुलता मुलगा दत्तप्रसाद ९ सप्टेंबर २०१६ रोजी केरीला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे, होडी उलटून बुडाला. त्याची पत्नी ऋतिका आणि मुलगी सायली लाटंबार्से येथे ऋतिकाच्या माहेरी असतात. सायली माझी एकमेव वारस. गोव्याच्या कायद्याने अर्धा हिस्सा तिचाच आहे. उरलेला अर्धाही मी तिलाच देतो: घर, मागची काजूची बाग आणि बँकेत असेल ते.

२. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन्ही संच, ग्रीसची पिचकारी आणि ड्रिल मशीन, शेजारी गोकुळदास आरोलकर याला द्यावीत. नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही. का, ते पुढे येईल. तो घेईल असे वाटत नाही.

३. उलटलेल्या त्या होडीची आउटबोर्ड मोटरही गोकुळदासलाच. नऊ वर्षांत ती पाण्यावर गेलेली नाही. मी ती दुरुस्त केली; अंगणात पिपात पाणी भरून दर महिन्याला चालवतो. त्याने ती वापरली तर एवढे करावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्यात पाच मिनिटे चालवून धुवावी. गिअर ऑइल दुधासारखे पांढरे निघाले तर आत पाणी शिरले असे समजून सील बदलावे. पंख्यामागे जाळ्याचा दोरा गुंडाळला आहे का, पाहावे. पावसाळ्यात ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा. आणि आतला इम्पेलर, जो मोटर थंड ठेवायला पाणी वर ओढतो तो रबरी चक्रासारखा भाग, दर वर्षी बदलावा. बोटाने दाबून ‘चालेल अजून’ म्हणू नये. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर तिथल्या तिथे मोटर बंद करावी, मग कुणी काहीही सांगो.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. नोटरीसाहेब म्हणाले, याची गरज नाही. मी म्हटले, असू द्या.

मी एकतीस वर्षे फिटर होतो. आमच्या मोटरीला मी कधी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. त्या वर्षी नवा इम्पेलर आणून कपाटात ठेवला होता. मोटरीचा खालचा पाय उतरवला, तर ज्या पंपात इम्पेलर बसतो त्याच्या चार बोल्टांपैकी एक गंजून बसलेला. जोर केला तर तुटेल म्हणून मी जुनाच इम्पेलर ठेवून सगळे बंद केले. दत्तप्रसादने विचारले, “बाबा, इम्पेलर बदललो?” मी म्हणालो, “बदललो.”

समुद्रावर निघायच्या सकाळी त्याने मोटर चालू केली आणि मला हाक मारली.

“बाबा, पाण्याची धार बारीक येता.”

“सर्विस मी केल्या. वच तू.”

तो गेला. नदीच्या मुखाशी, लाटा फुटतात नेमक्या तिथे, मोटर तापून जाम झाली. तिसऱ्या दिवशी तो मिळाला. मोटर रापणीच्या जाळ्यात आली. ती मी एकट्याने उघडली. इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी चार गळून पडली होती. तो गंजलेला बोल्ट ड्रिलने काढायला मला वीस मिनिटे लागली.

इम्पेलर मी खिशात घातला आणि पंचनाम्यात सांगितले की मुलगा मोटर धूत नसे, मिठाने पाण्याची वाट बंद झाली. गोकुळदासने सगळ्यांसमोर विचारले, “शांताराम, इम्पेलर बदलिल्लो मरे?” त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला.

तेराव्याला ऋतिका म्हणाली, “ते दर खेपेक मोटर धुताले, बाबा. पीप हांव भरतालें.” मी म्हणालो, “बायलांक मोटरीतलें कितें कळटा?” दुसऱ्या दिवशी ती तीन वर्षांच्या सायलीला घेऊन माहेरी गेली. सरस्वतीला तो इम्पेलर माझ्या शर्टाच्या खिशात सापडला. तिने तो धुऊन खिडकीत ठेवला. मरेपर्यंत तिने त्याबद्दल माझ्याजवळ एक शब्द काढला नाही.

मी इथे शपथेवर लिहितो: माझा मुलगा मोटर दर वेळी धूत असे. चूक माझी होती आणि पंचनाम्यातला जबाब खोटा आहे. हे पान पंचनाम्याला जोडता येत असेल तर जोडावे.

५. गेल्या वर्षी मी हे सांगायला लाटंबार्सेला गेलो होतो. ऋतिकाच्या वडिलांनी चहा दिला. सायलीने विचारले, “हे कोण?” ऋतिका म्हणाली, “पेडण्याचे कोण तरी.” मी चहा पिऊन परत आलो.

काल ऋतिकाला फोन करून शेवटी सगळे सांगितले. ती म्हणाली, “माका खबर आशिल्लें. कोरगांवच्या आईन मरचे आदीं सांगिल्लें. सायलीकय खबर आसा. तुमी सांगतले म्हूण वाट पळयली. आतां नाका.” घरही नको, बागही नको, म्हणाली, आणि फोन ठेवला.

६. तरीही कलम १ मी बदलत नाही. सायलीने हिस्सा नाकारला तर तो तिचा अधिकार. तिला कुणी समजावायला जाऊ नये. माझ्या मरणाची खबर लाटंबार्सेला अंत्यसंस्कारानंतर द्यावी, म्हणजे जाऊ की नको हा विचार त्यांच्या वाट्याला येणार नाही. अग्नी पंचायतीने नेमलेल्या कुणीही द्यावा. दत्तप्रसादच्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

शांताराम सगुण तळकर (सही)

साक्षीदार:
विनोदिनी परब, निवृत्त पोस्टमास्तर, कोरगाव (सही)
विठ्ठल गवंडी, शेती, कोरगाव (सही)

स्थळ: पेडणे
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५