गिझरची खुटी

धम्मप्रिया,

ड्युटीवरून आलीस की घरात जाऊ नको. तुझा फोन लागंना, म्हणून दाराला चिठ्ठी लावलीय. मेन स्विच बंद केलाय.

सकाळी गिझर लई गुरगुरायला लागला. मिस्तरीला फोन केला. तो म्हणाला, नऊ वर्षांचा झालाय, बोअरच्या पाण्यानं आत क्षाराचे थर बसले असतील, दरसाल उघडून साफ करायला पाहिजे होता. मग विचारलं, खालच्या वॉल्वमधून पाणी टिपकतं का? मी म्हणले, आता न्हाई, मी लाकडाची खुटी ठोकलीय. तो म्हणाला, मावशी, आतला जोर बाहेर पडायची वाट तीच हाय. टाकी फुटंल, आधी बाहेर निघा.

तू म्हणली होतीस, टिपकू द्या. मीच ओरडले, लातुरात राहून पाणी गळू द्यायचं का म्हणून.

पोरगी समोर रूपालीकडं हाय, तू बी तिथंच बस. मी मिस्तरीला घेऊनच येते. सकाळी गिझर गुरगुरत होता, तवा मी पोरीला त्याच्याच खाली न्हाऊ घालत होते.

तुझी सासू