प्रत्येक पुडी तोलून

रविवार, सकाळ

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मोठ्याने धाकट्याला लिहिताना ते आधी द्यायचे असतात, म्हणून दिले. इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी बरी आहे. हल्ली तिचे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलतात. तुझी खुशाली विचारत नाही. आपल्या हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या संघटनेचं वार्तापत्र दर महिन्याला येतं आणि त्यात अध्यक्षांचा फोटो पाव पान असतो. सुटलायस.

पत्र त्या वार्तापत्राबद्दलच आहे.

'विभागातील घडामोडी' या सदरात, फ्रीजच्या तापमानाचं नवं परिपत्रक आणि दोघांच्या बदल्या यांच्या मधल्या जागेत, माझा होऊ घातलेला सत्कार छापलाय. एवढ्याशा मजकुरात चार चुका. मी 'कंपाउंडर म्हणून रुजू' झालो नव्हतो, बाटल्या धुवायला लागलो होतो. औषधं नंतर शिकलो, पुस्तकं मागून आणून, आणि परीक्षा बाहेरून दिली. ते मी कधी लपवलं नाही, तू कशाला लपवतोस? माझा खल 'दगडी' नाही, चिनी मातीचा आहे. दगडाच्या छिद्रांत आधीच्या औषधाची पूड बसून राहते, हे तुला शाळेत असताना शिकवलं होतं. फोटो माझा नाही, आमच्या स्टोअरच्या मुकादमाचा आहे. तो खूश आहे. चौथ्या चुकीकडे मग येतो.

अंक आणि संघटनेचं एक पत्र द्यायला तुझा चिटणीस स्वतः आला. औषधांच्या खिडकीला रांग होती, तरी मधे घुसून म्हणाला, "काका, अभिनंदन! आता तुम्ही मानद सभासद."

"म्हणजे काय मिळतं?"

"वर्गणी माफ. शिवाय सभेत पहिल्या रांगेत खुर्ची."

"आणि मत?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "मानद सभासदांना मताची दगदग नसते, काका."

रांगेत बालविभागाची सिस्टर होती. ती म्हणाली, "अगंबाई, म्हणजे सत्काराच्या नावाने हातात नारळच की!"

रांग हसली. चिटणीसही हसला. मी त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं.

मग सभेची कार्यक्रमपत्रिका वाचली. पहिला विषय, माझा सत्कार. दुसरा विषय, लहान हॉस्पिटलांतल्या पुड्यांच्या खोल्या बंद करून ते काम शहरातल्या मध्यवर्ती कक्षात न्यायचा ठराव; मांडणार: अध्यक्ष. म्हणजे आधी मला मखरात बसवायचं, आणि मखरात बसलेल्याला हात वर करता येत नाही. अनुभवावर सभासद झालेले जुने लोक माझ्या हाताकडे बघून हात वर करतात, हे तुला ठाऊक आहे. माझा हात खाली, की सगळे खाली. सुंठीवाचून खोकला गेला. शाबास. डोकं आपल्या घरातलंच आहे.

ती खोली म्हणजे काय, हे तुझ्या नव्या सभासदांना तरी सांगितलंयस का? तान्ह्या मुलांना लागतो एवढा बारीक डोस कुठलीच कंपनी बनवत नाही. मग मोठ्यांची गोळी खलायची, तिच्यात दुधाची साखर मिसळायची, तीही थोडीथोडी, जेवढी पूड तेवढीच साखर असं वाढवत नेत, आणि पुड्या बांधायच्या. या हॉस्पिटलात ते मी करतो. माझ्या हातावर वाढलेली मुलं आता ओपीडीत स्वतःची मुलं घेऊन येतात.

तुझी वहिनी म्हणते, "भावजींनी प्रेमाने केलं असेल. तुम्हाला फुलातही काटाच दिसतो."

मी म्हटलं, "काटा बघण्याचाच पगार घेतो मी."

ती म्हणाली, "मग त्यांना फोन करा की. कागदावर काय दात खाताय?"

फोन मी करणार नाही. फोनवर तू 'बरं' म्हणतोस.

आता चौथी चूक. 'केवळ नजरेने पुड्यांचे अचूक भाग पाडणारे सिद्धहस्त.' खाली तुझी आद्याक्षरं. बाहेरच्या कुणी लिहिलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण तू माझ्या काट्यासमोर स्टुलावर बसून मोठा झालास. मी जन्मात एक पुडी नजरेने पाडलेली नाही. नजरेने पाडली की एका मुलाला कमी जातं आणि दुसऱ्याला जास्त. माझी प्रत्येक पुडी तोललेली असते. हे तुला माहीत असून तू ते छापलंस, माझं कौतुक म्हणून, सगळ्या विभागात.

त्यापेक्षा सरळच लिहायचंस, की मुठ्याच्याही पुड्या नजरेने पाडल्या होत्या.

हे नाव या पत्रात आणणार नव्हतो. आलं. तुमचं बाळ चमचा तोंडाशी गेला की दोन्ही मुठी आवळायचं, म्हणून मी ते नाव ठेवलं होतं, आणि तुम्हा दोघांना ते आवडायचं नाही. त्याच्या हृदयाच्या औषधाच्या पुड्या मी करायचो. तूच म्हणाला होतास, "दादाच करेल, दुसऱ्या कुणाच्या हातच्या नकोत." तो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदयच तसं होतं. आपण दोघांनी मान हलवली. मग कॉरिडॉरमध्ये तू मला गाठलंस.

"दादा, त्यातली एखादी पुडी उरलीय का?"

"नाही."

"बरं."

एवढंच. त्या 'बरं'ला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तू माझ्या खोलीचा उंबरा चढला नाहीस. घरी आलास तेव्हा वहिनीशी बोललास आणि भिंतीवरच्या घड्याळाशी बोललास.

तुला शंका आली याचा मला राग नाही. बापाला येणारच. मलाही आली. मी तो दिवस इतक्या वेळा मनात पुन्हा तोललाय की काटा झिजला असता. दर वेळी वजन बरोबर भरतं. पण ते मनातलं वजन. पुड्या आठवड्याच्या मोजून केल्या होत्या आणि शेवटची त्या सकाळी गेली होती. तुला दाखवायला माझ्याकडे चिमूटभरही नव्हतं, माझ्या शब्दाशिवाय. आणि तो तू मागितला नाहीस.

कार्यक्रमपत्रिकेला जोडलेला तुझा ठराव मी फाडायला घेतला होता. फाडण्याआधी वाचायची मला खोड आहे. चौथं कलम: 'प्रत्येक बॅचमध्ये दोन पुड्या जादा कराव्यात व तपासणीसाठी राखून ठेवाव्यात. तपासणीचा निकाल मागितल्यास मुलाच्या आईवडिलांना दाखवावा.'

जादा पुड्या राखायचं कलम कुठल्याही चांगल्या नियमावलीत सापडेल. 'मागितल्यास आईवडिलांना' हे कुठेच नाही. मी सगळ्या नियमावल्या वाचल्यात. ते त्या कॉरिडॉरमधलं आहे.

तर ऐक. मानद सभासदत्वाचं ते पत्र सोबत परत पाठवतोय. मी मानद होणार नाही, कारण मला मत द्यायचंय, आणि ते ठरावाच्या बाजूने द्यायचंय. माझ्या खोलीला कुलूप लावायला माझाच हात वर जाईल, आणि मागोमाग बाकीच्या म्हाताऱ्यांचे. खूश होऊ नकोस, तुझ्यावर उपकार करत नाहीये. त्या दिवशी दोन पुड्या जादा असत्या तर मी त्या तुझ्या हातावर ठेवल्या असत्या. त्यांनी मला सोडवलं असतं नाहीतर बुडवलं असतं. दोन्ही चाललं असतं. तुझं 'बरं' नाही चाललं.

मध्यवर्ती कक्षाची गाडी आठवड्यातून दोनदा येणार असं लिहिलंयस. त्यावर मात्र मी उभा राहून तुझी सालं काढणार आहे. गाडी रोज आली पाहिजे. मुलं वेळापत्रक बघून आजारी पडत नाहीत. तयारीने ये.

पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. बाटल्या सोड, खल सोड, मुकादमाचा फोटोही राहू दे, त्याने तो चौकटीत बसवलाय. फक्त 'केवळ नजरेने' काढ आणि 'प्रत्येक पुडी तोलून' घाल. तुझा तसा विश्वास असेल तरच. नसेल तर सभा संपून सगळे चहाकडे वळले की माझ्यासमोर ये, आणि त्या दिवशी गिळलेला प्रश्न पूर्ण वाक्यात विचार. मी पूर्ण वाक्यात उत्तर देईन.

त्यावर 'बरं' म्हणालास, तर याद राख.

मताचा हक्क न सोडलेला,
तुझा दादा