गजेंद्रच्या क्लबातल्या सात आसरा

आर्वी,
श्रावणातला शनिवार

तीर्थरूप लीलाबाईस,

धाकट्या सुलोचनेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहाची रीत आहे म्हणून लिहून टाकते, खुशाल कोणीच नाई. तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधत जाजो. लक्ष्मणराव भाऊजींचा खोकला गेला का? अन रानडुकरांनी यंदा तुमची तूर ठेवली का खाल्ली? हिंगणीले संसार म्हणजे जंगलाच्या दारात ताट वाढून ठेवणं, हे मी तुझ्या लग्नातच म्हनलं होतं, पण तवा मी नऊ वर्षांची, माह्यं कोण ऐकते. (आता बी कोणी ऐकत नाई, तेच सांगाले हे पत्र.) फोनच केला असता, पण फोन मयुरी लावून देते, अन मयुरी चार दिवसांपासून माह्यासंगं बोलत नाई.

मयुरी म्हणजे आपल्या प्रफुलची मोठी. एकोणीसची झाली, अन काय सांगू बाई, बंदुकीनं नेम मारते. खरी बंदूक. गजेंद्र म्हणून फौजेतून रिटायर झालेला पोरगा आहे (पोरगा म्हणजे पन्नाशीचा, पण त्याच्या आईले मी ओळखते म्हणून पोरगा), त्यानं रोहण्याच्या रस्त्याले नाल्याकाठच्या पडीक जागेत नेमबाजीचा क्लब काढला. पोरं इकडून पालथं पडून गोळी मारतात, पन्नास मीटरवर कागद, अन कागदामागं गोळी अडवाले दोन पुरुष उंच मातीचा ढिगारा. कागदावरचा दहाचा गोल हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आमची पोरगी त्या दाण्यात मारते. पेपरात फोटो आला तिचा, मी कापून देवघरात लावला. प्रफुल म्हणे, माय, जित्या माणसाचा फोटो देवात लावत नसतात. म्या म्हनलं, देवाले बी पाहू दे, आपलं पोर कुठवर गेलं.

आता अकरा दिवसांवर तिची नागपूरले राज्याच्या संघासाठी निवड आहे. अन क्लबले कुलूप आहे, सराव बंद. कुलूप लागलं माह्यामुळं.

त्याचं असं झालं. गजेंद्र लय काळजीचा माणूस. गोळ्या सुरू असताना कोणी चुकून ढिगाऱ्याकडे फिरकू नये म्हणून त्यानं पक्का बंदोबस्त केला. ढिगाऱ्यावर लाल झेंडा लावला. गोळीबाराच्या आधी लांब वाजणारा भोंगा बसवला. खांबावर लाल बल्ब, तो लागला आहे तोवर कोणी पुढं पाऊल टाकाचं नाई. अन नाल्याकडच्या पायवाटेवर, याच्या आत येऊ नका म्हणून, ओळीनं सात मोठे गोटे मांडले, अन दुरून दिसले पाहिजे म्हणून त्याले भगवा पेंट मारला.

तूच सांग बाई. नाल्याचा काठ, ओळीनं सात गोटे, रंग शेंदरी, वर लाल झेंडा. एवढं कराच्या आधी आपल्या आईले तरी विचारते का नाई माणूस?

मयुरी सराव करे तवा मी नाल्यावर तरोट्याची भाजी खुडाले गेली, अन पाहते तं पाण्याच्या देवी, सात आसरा. म्या मनात म्हनलं, वा रे गजेंद्र, फौजी असून देवभोळा निघाला. दुसऱ्या मंगळवारी हळदकुंकू, सात हिरव्या बांगड्या, दहीभात अन नारळ घेऊन गेली. म्हनलं, मायहो, पोरीचा नेम सांभाळा. त्याच हप्त्यात वर्ध्याच्या स्पर्धेत मयुरीचा पहिला नंबर. एवढी आनंदाची गोष्ट पोटात कशी ठेवाची? म्या फक्त शेजारच्या मंदाबाईले सांगितलं. (मंदाबाईले सांगणं म्हणजे एसटी डेपोत जाऊन माईकवर बोलणं, हे मले साठ वर्षांपासून माहीत आहे. तरी सांगितलं.)

मंदाबाईची म्हैस दोन महिन्यांपासून आटली होती, ती नारळ फोडल्यावर दूध देऊ लागली. मंग काय विचारता. मंगळवार अन शुक्रवार नाल्याकाठी लुगड्यांची रांग. अन आसरांचं तोंड पूर्वेले, असं मंदाबाईनंच ठरवलं, म्हणून पूजेले बसाचं गोट्यांच्या आतल्या बाजूले. म्हणजे ठीक तिथं, जिथं कोणी बसू नये म्हणून ते गोटे मांडले होते.

भोंग्याचं तं नावच काढू नको. आमच्या इथल्या अर्ध्या बायका कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या. जिनिंगचा भोंगा झाला की हातातलं टाकून डबा सोडाचा, ही त्यांच्या हाडाची सवय. गजेंद्रनं भोंगा वाजवला की पळाचं सोडून या बाया जागेवरच भाकर-ठेचा काढून बसल्या. लाल बल्ब लागला की हात जोडले. एक बी पदर दिसला की गजेंद्र ओरडे, बंदुका खाली. एका मंगळवारी मयुरीनं दोन तासांत नऊ गोळ्या मारल्या. बाकीचा वेळ लेकरू पालथं पडून बायकांचं जेवण आटपाची वाट पाहे.

अन या मंगळवारी वर्ध्याहून तपासणीचे साहेब आले. म्हणाले, तुमची धोक्याची सूचना देण्याची व्यवस्था दाखवा. गजेंद्रनं देवाचं नाव घेऊन भोंगा दाबला. ढिगाऱ्यामागून मंदाबाई उठली, अन साहेबांकडे पाहून म्हणते काय, "या साहेब, बरोबर टायमावर आले. दहीभात घ्या." साहेबांनी घेतला नाई. कागद घेतला, लिहाले बसले अन क्लबले कुलूप लावाले लावलं. येत्या मंगळवारी ते पुन्हा येऊन राह्यले. भोंगा झाल्यावर त्या गोट्यांपाशी एक बी माणूस दिसला तं क्लब दिवाळीपर्यंत बंद.

म्या घरोघर फिरून सांगितलं, बायांनो, तो देव नोहे, पेंट आहे. मंदाबाई म्हणते, "मारोतीले कोणता अमृताचा लेप असते? तो बी तं रंगच." मी म्हनलं, मले चुकून वाटलं होतं. तं म्हणते, "तुमच्या नातीले पावल्या तवा देव होत्या, अन माह्या म्हशीले पावल्या तं पेंट झाल्या का?" याले उत्तर काय, तुले सुचलं तं कळवजो. गजेंद्रनं गोट्यांवर चुना मारला, दुसऱ्या दिवशी त्यावर शेंदूर. धोक्याची पाटी लावली, तिले हार. गोटे उचलाले मजूर बोलावले, ते चपला काढून पाया पडले अन निघून गेले. गजेंद्र स्वतः उचलाले निघाला तं त्याची आई आडवी झाली. म्हणे, सरहद्दीवर गेला तवा म्या अडवलं नाई, पण इथं हात लावू नको.

पोरगी खोलीत भिंतीवर एक काळा ठिपका काढून बंदुकीशिवाय नेम धरून बसते, तासन् तास. जेवाले बोलावलं तं येते, पण माह्याकडे न पाहता जेवते. मी तिची आजी, सगळ्या आर्वीत तिची तारीफ करत फिरणारी, अन तिच्या वाटेत गोटा बी मीच. म्हातारपणी माणसानं एक तं देव पाहू नये, नाई तं पाहून बोलू नये.

भाऊजींस नमस्कार, नातवंडांस गोड पापा. चुकलंमाकलं तू लहानपणापासून सांभाळलं, हे बी सांभाळजो.

तुझी,
सुलोचना

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहाचंच राह्यलं. (टपालानं उशीर होईल म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन राह्यली.) तुमच्या वावराजवळचा मारोती रस्ता रुंद झाला तवा भाऊजींनीच विधी करून सरकवला होता ना? त्यांचं भजन इकडल्या बायकांनी ऐकलं आहे, त्यांच्या शब्दाले मान आहे. त्यांनी मंगळवारी सकाळी आठच्या आत यावं, गजेंद्र गाडी पाठवते. येऊन एवढंच म्हणावं की आसरा सपनात आल्या, गोळ्यांच्या आवाजानं झोप लागत नाई म्हणाल्या, आम्हाले रस्त्यापलीकडे न्या. खोकला असला तरी यावं. खोकत सांगितलं तं जास्त खरं वाटते.

ता. क. २. फार दूर नको म्हणावं. रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली बसवल्या तं तिथून क्लबचं फाटक दिसते. त्यांचं पोरीकडे लक्ष राहील एवढ्यावर ठेवा.

ता. क. ३. हे भाऊजींले वाचून दाखवू नको. आज पहाटे मी नारळ घेऊन निरोप द्याले गेलती, तं सातव्या गोट्यापाशी मयुरी बसून होती. तिच्याजवळ बी नारळ. फोडाले दगड शोधून राह्यली होती, अन तिथं त्या सातांशिवाय दुसरा दगडच नाई. म्या तिचा नारळ घेतला अन माह्या नारळावर आपटून फोडून दिला.