रशियन सैन्यात पडलेलं ट्यूलिप

आदरणीय मामा,

येरेमीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मधमाश्या आणि लाथाळ शेळी, तिघांचंही बरं असावं. (शेळीचं बरंच आहे, आत्ताच तिने खिडकीतून माझी टोपी ओढून खाल्ली.) तुम्ही बाजारातून परतेपर्यंत थांबायचा धीर नाही, म्हणून तुमच्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. माझं आयुष्य नेमकं कधी बदललं ते मला सांगता येतं: काल दुपारी, व्रोत्स्वाफमध्ये, त्या लढाईच्या गोल चित्रापुढे, माझ्या हातातलं एक ट्यूलिप कठड्यावरून निसटून रशियन सैन्यात पडलं, तेव्हा.

योव्हिताविषयी मागे पानंच्या पानं लिहिलीच आहेत, तेव्हा तिचे डोळे या खेपेला वगळतो. तिला आईबाप नाहीत, लेओकादिया आत्यांनी वाढवलं. तिने मला बजावलं होतं, आत्याला पसंत पडलास तर आपलं जमलं, नाहीतर तू आणि तुझी सायकल. आत्या काल गावाहून आल्या. आमच्या शहरात पाहुणा आला की आधी सूप वाढतात आणि मग गोल चित्र दाखवतात, त्यातून आत्यांचे पूर्वज त्याच लढाईत आपल्या शेतकऱ्यांबरोबर कोयता घेऊन रशियन तोफांवर चालून गेलेले! म्हणजे चित्र काय, घरचा फोटोच. मी मिठाच्या चौकातल्या फुलबाजारातून सात लाल ट्यूलिप घेतली, आणि फुलं कागदासकट देऊ नयेत म्हणून आत गेल्यावर कागद काढला. (आईने लावलेल्या चांगल्या सवयींनी माझा नेहमी घात केला आहे.)

चित्र तुम्ही पाहिलंय. कठड्यापलीकडे खरी माती, खरी झुडपं, खरं मोडकं चाक, आणि मग कुठेतरी, कुठे ते देव जाणे, खरं संपून रंगवलेलं सुरू होतं. सगळ्यांच्या कानाला माहिती सांगणारं यंत्र, त्यामुळे आत्या बोलत नव्हत्या, ओरडत होत्या. "शिकतोस काय रे पोरा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळी रांग माझ्याकडे वळली. पूल बांधायला शिकतो, म्हणालो. (सोडलंय, मामा. सरांनी माझ्या पुलाला हसून 'डबक्यावर टाका' म्हटलं, मी नकाशा त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. आईला अजून सांगितलेलं नाही.) खोटं बोलताना माझे हात फार हलतात. ते हलले आणि एक ट्यूलिप गेलं.

उरली सहा. आता तुम्हीच सांगा, सहा फुलं, सम आकडा, आपण कुणाला देतो? ज्याला शवपेटीतून ती घ्यायला उठता येत नाही, त्याला! म्हाताऱ्या आत्यांच्या हातात, पहिल्याच भेटीत, सहा फुलं? माझं डोकं तापलं आणि मी कठडा ओलांडला.

पुढचं मला नीट कळलेलं नाही. लाल दिसलं तिकडे वाकलो, तर ती कोयतेवाल्याची टोपी, आणि तीही रंगवलेली. माझं नाक कॅनव्हासला लागायचं थोडक्यात वाचलं. घाबरून मागे सरलो तो खऱ्या झुडपात बसलो. कुठला धूर खरा, कुठला घोडा खोटा, काही उमजेना. योव्हिता ओरडली, "येरेमी, मूर्खा, मागे फीर!" त्यावर एक पाहुणे गृहस्थ टाळ्या वाजवू लागले, त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. ट्यूलिप चाकाखाली सापडलं. ते घेऊन आलो तर पहारेकरी म्हणाला, "मैदानातली वस्तू मैदानातच राहणार, साहेब." मी म्हटलं, अहो, फूल माझं आहे. तो म्हणाला, "तिथे पडेपर्यंत होतं."

आम्ही दोघे फूल ओढतोय, तेवढ्यात आत्यांनी माझ्या दुसऱ्या हातातली सहा घेतली, त्यातलं एक काढून पहारेकऱ्याच्या खिशात खोचलं आणि ओरडल्या, "झाली की पाच! यात लढाई कसली?" (हे मला का सुचलं नाही, यावर मी अजून विचार करतो आहे.) मग मला खालीवर न्याहाळून म्हणाल्या, "पण तू रशियनांच्या बाजूने का उतरलास रे?"

आणि मामा, माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या आईकडचेही कोयतेवालेच. तो कोयता अजून मामांकडे आहे. आत्यांनी कानावरचं यंत्र काढलं. पहिल्यांदाच हळू बोलल्या. "आमचा हरवला रे बाबा. रविवारी मामांना घेऊन ये. एकदा हात लावीन म्हणते."

तुमचा आज्ञाधारक भाचा,
येरेमी

ता. क. रविवारी काळा कोट घालून यावं. पूर्वजांचं नाव तुम्हीच ठरवा, फक्त त्यांचं एक बोट लढाईत गेलं होतं, एवढं मी सांगून बसलो आहे.

दुसरा ता. क. गोठ्यातला गवताचा कोयता नेतो आहे. गंजलाय ते उत्तमच.

तिसरा ता. क. कोयता उजेडात आणला. गंजाखाली कारखान्याचा शिक्का आणि 'ओल्या गवतासाठी खास'. चाकूने खरवडला, जात नाही. आणि खरवडताना सारखं वाटतंय, की म्हातारी या पात्याला नुसता हात लावणार नाही, ओठही टेकवील, आणि मी शेजारी उभा राहून मान हलवीन. योव्हिता मिळाली तरी मला हे जमायचं नाही. कोयता परत खुंटीवर ठेवला आहे. आत्ताच आत्यांकडे जातो आणि पूर्वज, बोट, पूल, सगळं खरं सांगून टाकतो. हाकललं तर रात्री जेवायला तुमच्याकडेच आहे. नाही हाकललं तर रविवारी रिकाम्या हाताने या, पण या. दार ओढून घेतलं आहे. (नाही, मी अजून लिहितोय म्हणजे ओढलेलं नाही. ही ओळ संपली की उठतो, बाहेर पडतो आणि ओढतो.)