परवाना माझ्या नावाचा

कुडपण, ता. पोलादपूर
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय किशोर,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरला असशील. मला काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, ते कुरकुरायचेच. हातात फोन असताना वहिनीला पत्राची हौस का सुटली, असं तुला वाटेल. फोनवर काय होतं, तू पहिली माझ्या गुडघ्यांची चौकशी करतोस. मग जे सांगायचं ठरवून मी फोन लावलेला असतो ते राहतं बाजूला आणि मी नाचणी कशी झाली, कोणाची म्हैस व्याली, असलं सांगत बसते. दोन वर्षं हेच चाललंय. कागद मध्येच माझी चौकशी करत नाही, म्हणून कागद घेतला.

परवा मानसीचा फोन आला होता. रागावू नकोस तिच्यावर, तुझी बायको आहे, कोणाला सांगेल? म्हणाली, येत्या सत्तावीस तारखेला महाडच्या कोर्टात तू गुन्हा कबूल करून टाकणार आहेस. तारखांना कंटाळलास, प्रत्येक वेळी खाडा, प्रत्येक वेळी तोच बाक. शर्मिला वकीलबाई तुला सांगून थकल्या की बंदुकीचं कलम आहे, कबूल केलंस तर नुसत्या दंडावर सुटशील या भ्रमात राहू नकोस, आत जावं लागेल. तू मानसीला म्हणालास म्हणे, "जाऊ दे गो, एकदाचं सुटंल तरी." कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात. तू ती शहाणा असूनही चढलास, आणि माझ्यापायी चढलास.

ही बंदूक आपल्या घरात तू पाळण्यात होतास तेव्हापासून. तुझे थोरले दादा डुकरांसाठी रात्ररात्र शेतातल्या माळ्यावर बसायचे ती. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मला ती हात लावू देत नव्हतास, ती तुमची, मी परकी. दादा गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, जमा करून टाक, बाईमाणसाला काय करायची? मला आला राग. नाचणी मी पेरायची, राखायची बंदूक मात्र माझी नाही, हे कुठलं शास्त्र? परवाना माझ्या नावावर करायला तूच माझ्याबरोबर अलिबागला कलेक्टर कचेरीत तीन फेऱ्या मारल्यास. चौकशीला पोलादपूरहून हवालदार आला, त्याने पोलीस पाटील धोंडूला विचारलं की बाई भांडखोर आहे का? धोंडू म्हणाला, "भांडखोर हाय, पण बंदुकीनं नाय, तोंडानं." परवान्याचं पुस्तक आलं तेव्हा त्यात माझा फोटो बघून तू गावभर दाखवत फिरलास. एकदाच चालवली मी ती. डुक्कर चालतं झालं आणि मीच दोन दिवस खांदा शेकत बसले.

मग दोन वर्षांपूर्वी शिमग्यातच लोकसभेची निवडणूक लागली. धोंडू नोटीस घेऊन आला, परवान्याच्या सगळ्या बंदुका उद्या संध्याकाळपर्यंत ठाण्यात जमा. उद्या म्हणजे आपल्या दारात पालखी यायचा दिवस. घरची बाई ओटी भरायला नको? आणि खरं लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. सगळा गाव मुंबईकरांनी भरलेला, त्यांच्यासमोर खांद्यावर बंदूक टाकून एसटीत चढायची मला लाज वाटत होती. परवाना हवा होता, मिरवायला फोटो हवा होता, पण बंदूक चारचौघांत उचलायची वेळ आली तेव्हा मी दिराला पुढे केलं. तू त्याच दिवशी मुंबईला निघालेला. वाटेवर पोलादपूर, देऊन पुढची गाडी धर, मी म्हणाले. दादा असतानाही तू एकदोनदा अशीच नेली होतीस. आपल्याकडे बंदूक घराची. ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः न्यायची, हे कोणाच्या ध्यानीमनी नाही.

तुझ्या होतं. तू विमानतळाच्या आत गाडी चालवणारा माणूस, गळ्यात पास असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही तुझी सवय. तू म्हणालास, वयनी, परवान्याचं पुस्तक दे आणि एक चिठ्ठीही दे. मी पुरणात हात घातलेला, तरी हात धुऊन लिहिली. माझ्या अंगणवाडीच्या आहाराच्या वहीतलं मागचं पान फाडलं आणि लिहिलं की माझी बंदूक माझा दीर किशोर ठाण्यात जमा करायला नेत आहे, त्याला माझी संमती आहे. सही केली. सही एकटी उघडी वाटली म्हणून खाली अंगणवाडीचा शिक्का मारला. तू हसलास, आता हिला कलेक्टरची बी भीती नाय म्हणालास, आणि घडी करून खिशात ठेवलीस. बंदूक मी गोणपाटात गुंडाळून दिली, गाडीतली पोरं घाबरू नयेत म्हणून.

नाक्यावर काय झालं ते तू एकदाच सांगितलंस, तेही हसत. आंबेनळीचा घाट उतरल्यावर निवडणुकीचा नाका, पोलिसांनी एसटी थांबवली, गोणपाट उलगडलं. पुस्तकातला फोटो बघून एक शिपाई म्हणाला, "तू तुळसा हाय का रे?" तू म्हणालास चिठ्ठी आहे, आणि खिशात हात घातलास तर खिसा रिकामा. बॅग रस्त्यावर उपडी केलीस, तिथेही नाही. मुंबईचा माणूस, हातात बॅग, गोणपाटात बंदूक, निवडणूक तोंडावर. त्यांनी लिहिलं, लपवून नेत असताना मिळून आला. लपवणारी मी, मिळून आलास तू. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते दुसरं काय असतं?

ठाण्यातून मला फोन आला तेव्हा धोंडू ओटीवरच बसला होता. हवालदाराने विचारलं, बाई, तुम्ही दिली का बंदूक? चिठ्ठी दिली का? धोंडू हाताने खुणावत होता, नाय म्हण, नाय म्हण. माझ्या डोळ्यांसमोर आमची अंगणवाडीची पर्यवेक्षिका उभी राहिली, नोकरीचं राहिलेलं एक वर्ष उभं राहिलं. मी म्हणाले, मला काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन तसा जबाब दिला, माझ्या परवानगीशिवाय नेली. पोरांना बाराखडी शिकवणाऱ्या या हाताने खाली सही केली. तू तोवर एक रात्र कोठडीत काढलीस.

हे सगळं तुला माहीत आहे. जामीन झाल्यावर तू घरी आलास. मला वाटलं, आता हा मला पायरीवर उभं करून विचारणार, आणि विचारायलाच हवं होतं. तू माझ्या पायांना हात लावलास. वयनी, तुझी चिठ्ठी मीच हरवली म्हणालास, गाडीत गर्दी होती, कुठंतरी पडली. चिठ्ठी नसताना तू हो म्हणाली असतीस तर दोघं गेलो असतो, नाय म्हणालीस ते शहाणपणाचं, घरातलं एक तरी सुटलं. वर मलाच पाणी आणून दिलंस. पुढे तुझा विमानतळाचा पास गेला, गुन्हा दाखल असलेल्या माणसाला आत कोण घेणार? तू भाजीचा टेम्पो धरलास. दर वेळी फोनवर तेच, चिठ्ठी माझ्याच हातून गेली, मीच वेंधळा.

किशोर, तू वेंधळा नाहीस. चिठ्ठी गाडीत पडली नाही.

निघताना तू देवळासमोर पालखी नाचवून आलास, शर्ट गुलालाने माखलेला. तो खुंटीला टाकलास आणि दुसरा घातलास. तुझा शिमग्याचा शर्ट दर वर्षी मीच धुते, हे तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. फोन येऊन गेल्यावर हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी तो धुवायला घेतला. खिशात घडी होती. एक शब्द पुसला नव्हता. मी फोनवर नाही म्हटल्याला तासही झाला नव्हता. धोंडूच्या मोटारसायकलवर बसून ठाण्यात गेले असते तर दिवस मावळायच्या आत तू सुटून मुंबईच्या वाटेला लागला असतास. उठलेही मी. मग शिक्का दिसला. सरकारी शिक्का बंदुकीच्या चिठ्ठीवर! केस राहिली बाजूला, नोकरीवरून पहिली मलाच काढतील असं वाटलं. चुलीवर पाणी तापत होतं. मी ती घडी आत सरकवली आणि जळेपर्यंत बघत बसले. नंतर शर्ट नीट धुतला, वाळवला, इस्त्री करून तुझ्या ट्रंकेत ठेवला. गेल्या शिमग्याला तू तोच घालून नाचलास आणि मी दारात ओटीचं ताट घेऊन उभी होते. तुला वाटलं मला भरून आलंय ते देवाला बघून.

मी घाबरले होते हे खरं, पण तेवढ्यावर सुटायचं नाही मला. भीती एक दिवसाची असते. मी दोन वर्षं मूग गिळून बसले. निवृत्त होऊन अकरा महिने झाले, पंचायतीने शाल दिली, प्रामाणिक सेवेबद्दल असं भाषणही झालं. त्या दिवसापासून मला कोणी काढू शकत नव्हतं, तरी मी गप्प होते. का, ते सांगते. तू मला आईसारखी मानतोस. नोकरीपेक्षा ते जाईल ही भीती मोठी होती. तू मात्र माझ्यासाठी स्वतःला वेंधळा म्हणवून घेत राहिलास, आणि मी तुला म्हणवून घेऊ दिलं. असलं पाप कोणत्या पाण्याने धुवायचं?

कालच्या रविवारी मी महाडला वकीलबाईंच्या घरी जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं, चुलीसकट. त्यांनी तुझी फाईल काढली. म्हणाल्या, आधीचा जबाब खोटा होता असं सांगितलंत तर तुमच्यावरही केस होऊ शकते, चिठ्ठी नाही म्हटल्यावर कोर्ट किती मानेल सांगता येत नाही, पण मूळ परवानेदार स्वतः उभी राहून सांगते याला वजन आहे. मी म्हटलं, कागद करा. प्रतिज्ञापत्र झालं, सही झाली, या वेळी खाली शिक्का मारायला माझ्याकडे नव्हता. परवाना परत करायचा अर्जही त्यांच्याकडेच दिला. म्हणून हे पत्र, तुला कोर्टात पहिल्यांदा कळू नये म्हणून. हे वाचून तू मला वहिनी म्हणणं सोडलंस तरी तो तुझा हक्क आहे, मी दारात येऊन रडणार नाही. एवढंच ऐक. सत्तावीस तारखेला मी तुझ्याआधी तिथे असेन. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, तर तू तोंड उघडू नकोस. माझ्याकडे बघावंसं वाटलं नाही तर बघू नकोस, पण हो म्हणू नकोस. हो मला म्हणायचंय.

तुझीच, अजून तशी असले तर,
तुळसा वहिनी