सहाच्या पॅसेंजरचा आवाज

३ डिसेंबर
महिनाभर पाथर्डीला लेकीकडे होतो. बाळंतपण नीट पार पडलं, नातू झाला. काल पुणतांब्यात परत. आज सकाळी सहाच्या पॅसेंजरचा आवाज आला नाही. सौ. नेहमीसारखी म्हणाली, "सहाची गेली, उठा." कानटोपी होती, म्हणून असेल.

४ डिसेंबर
कानटोपी काढून झोपलो. आजही काही नाही. सौ. म्हणते, गेली.
चौतीस वर्षं डिझेल शेडला फिटर. स्टेशनातून इंजिनाने जोर धरला की घरबसल्या सांगायचो, कुठला सिलिंडर कुरकुरतोय. कानात कापूस घाला म्हणून मुकादम ओरडायचा. कापूस घातला तर बिघाड ऐकू कसा येणार? माझ्या जोडीचा दत्तू असाच ठार बहिरा झाला. आम्ही त्याची टर उडवायचो. आता मीच...
सौ.ला बोललो नाही. भीती वाटते.

५ डिसेंबर
माळ्यावरची सळई काढली. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. शेडात निम्मी तपासणी हिच्यावरच व्हायची. शेजारच्या भाऊसाहेबांच्या विहिरीवरल्या मोटारीला लावली. घरघर आली, बेअरिंग गेल्यासारखी.
भाऊसाहेब म्हणाले, "काय न्हाई अण्णा, मोटर झ्याक चालतीय."
मग घरघर मोटारीत की माझ्या कानात?

६ डिसेंबर
बँकेचं काम सांगून निघालो, नगरच्या कानाच्या डॉक्टरकडे. सहाची गाडी आली. पुढे विजेचं इंजिन! तारा कधीच्या टाकल्यात, पण ही गाडी आपली डिझेलवरच होती. धूर नाही, थरथर नाही. गाडी हलली तेव्हा बाकावरच्या म्हाताऱ्याचा खोकला स्पष्ट ऐकू आला.
स्टेशनातला रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणाला, "पंधरा दिस झालं की अण्णा! तुमी गावाला गेल्ता."
जीव भांड्यात पडला. त्या नादात गाडीत चढायचंच राहिलं.
घरी येऊन सौ.ला सगळं सांगितलं. म्हटलं, मग तुला रोज ऐकू काय येत होतं?
"मी कुठं ऐकती? दूधवाल्याची फटफटी आली की म्हन्ते."
"कधीपासून?"
"लई वर्सं झाली."
हसून हसून ठसका लागला.

७ डिसेंबर
भाऊसाहेबांशी हुज्जत घालून मोटर उघडायला लावली. बेअरिंगच्या गोळ्या पार खरवडलेल्या. मला इतका आनंद, की नवीन बेअरिंग मीच बसवून दिलं.

९ डिसेंबर
सहाच्या आधीच जाग. कान शाबूत आहेत, फार हलकं वाटतं. पण चुटपुट लागलीय. सहाच्या गाडीचं ते जुनं डिझेल इंजिन नोकरीची शेवटची सहा वर्षं माझ्याच हाताखाली होतं. थंडीत बंद केलं की रुसायचं, म्हणून चालूच ठेवायचो. कुठे नेलं, पॉइंट्समनला ठाऊक नाही. दुसऱ्या लाइनीवर असेल, नाहीतर भंगारात.
दत्तू अजून शेडजवळच राहतो, त्याला माहीत असणार. पण फोनवर त्याला ऐकू येत नाही. पोस्टकार्ड लिहिलं. आधी इंजिनाची चौकशी. मग खाली, दत्तू, तुझी फार टर उडवली रे, चुकलं माझं.
दूधवाल्याच्या हाती पेटीत टाकायला दिलं.